वरून येणारे पाणी थांबले, पण ओल वाढतेच आहे: आधी फरशी फोडावी, की आधी भिंत वाळवावी?

पौडफाटा यांचा प्रश्न

नमस्कार. आमचा फ्लॅट कोथरूडमध्ये, १९९० च्या दशकात बांधलेल्या पाच मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी महापालिकेचे पाणी बंद होते आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीची गच्चीवरची टाकीही संपली. आमच्या बरोबर वर राहणाऱ्या कुटुंबाकडून बाथरूममधला नळ उघडाच राहिला आणि ते रात्रीच्या गाडीने गावी गेले. शुक्रवारी, नेहमीच्या सूचनेतल्या शब्दांप्रमाणे, ‘उशिरा व कमी दाबाने’ पाणी आले आणि पंप सुरू झाला. नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाच्या) जाळीवर फडके पडलेले असल्यामुळे पाणी तुंबले, उंबरा ओलांडून त्यांच्या पॅसेजमध्ये आणि झोपायच्या खोलीत पसरले, आणि दुपारी आमच्या छतातून धार लागली. गच्चीवरचा कोणता व्हॉल्व्ह कोणाचा हे सोसायटीत कोणालाच ठाऊक नसल्यामुळे, किल्ली असलेले नातेवाईक येईपर्यंत जवळजवळ चार तास पाणी वाहत राहिले.

आज या घटनेला साडेतीन आठवडे झाले. धार त्याच दिवशी थांबली. मात्र आमच्या बाथरूमच्या छताच्या एका कोपऱ्यातून अजून ठिबकते, आणि बाथरूम व झोपायची खोली यांच्या मधल्या भिंतीवरचा ओलीचा डाग तेव्हापेक्षा वीतभर मोठा झाला आहे. रंगाला फोड आले आहेत, खाली पांढरी पूड पडते, आणि त्याच भिंतीला लावून बसवलेल्या प्लायच्या कपाटातून कुबट वास येतो.

चार जणांनी पाहणी केली आणि चार मते दिली. प्लंबरच्या मते वरच्या बाथरूममधले भिंतीत गाडलेले जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप सडले आहेत, त्यामुळे सगळी फरशी आणि टाइल्स फोडून सीपीव्हीसीची (प्लास्टिकच्या पाइपांची) नवी लाइन टाकावी लागेल. वॉटरप्रूफिंगवाल्यांच्या मते काहीही फोडण्याची गरज नाही. टाइल्सच्या सांध्यांत केमिकल भरले की काम झाले, आणि तशी दहा वर्षांची हमी ते लेटरहेडवर देतात. पाण्याने झालेल्या नुकसानीची साफसफाई करणारी एक व्यावसायिक संस्था यंत्रे लावून खोली वाळवून देण्यास तयार आहे. भाडे दिवसावर आहे. रंगारी सर्वांत आशावादी आहे: आतून डॅम्पप्रूफचा हात मारून गणपतीच्या आधी दोन कोट देतो म्हणतो. दरवर्षी आमचा गणपती याच खोलीत बसतो, त्यामुळे घरातल्यांचा कल रंगाऱ्याकडे आहे.

या कामांचा क्रम काय असावा, खर्च कोणी करावा, आणि घराच्या विम्यातून काही मिळू शकते का, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

कोबा_आणि_गिलावा यांचे उत्तर

मी स्थापत्य अभियंता म्हणून पुण्यात पस्तीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपल्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा तपशील तुम्ही ओझरता सांगितला आहे, तो म्हणजे इमारतीचे वय. त्या काळातल्या आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमची स्लॅब बाजूच्या स्लॅबपेक्षा फूटभर खाली घेत, त्या खड्ड्यातून पाइप फिरवत, आणि उरलेली जागा विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून वर फरशी करत. हा कोबा म्हणजे स्पंजच असतो. चार बाय सहा फुटांच्या बाथरूमखाली फूटभर खोल कोबा धरला, तर त्याचे आकारमान सुमारे ६८० लिटर होते. त्यातली चौथाई जागा जरी पोकळ धरली, तरी दीडशे लिटरांहून अधिक पाणी तिथे मुकाट्याने बसू शकते. चार तास तुंबलेले पाणी फरशीच्या सांध्यांतून आणि ट्रॅपच्या कडेने त्या कोब्यात उतरले असेल, तर नळ बंद केल्यावरही ते कित्येक आठवडे तुमच्याकडे झिरपत राहील. त्यामुळे ‘अजून ठिबकते, म्हणजे पाइप सडला’ हा निष्कर्ष आज तरी घाईचा आहे. तो चुकीचाच आहे असे नाही. पण तो तपासल्याशिवाय कोणालाही हातोडा उचलू देऊ नका.

तपासणीसाठी पहिले साधन म्हणजे एक वाडगा आणि औषधाचे मोजमाप असलेला कप. जिथे ठिबकते तिथे वाडगा टांगा, वरच्यांना विनंती करून ते बाथरूम चार दिवस पूर्ण बंद ठेवा, पण पाण्याची लाइन मात्र चालू राहू द्या, आणि दर बारा तासांनी वाडग्यातले पाणी मोजून लिहून ठेवा. साठलेले पाणी असेल, तर आकडा रोज उतरत जाईल. दाबाखालच्या पाइपला भोक असेल, तर बाथरूम कोणी वापरो वा न वापरो, दिवसा-रात्री जवळजवळ तेवढेच पाणी पडत राहील, कारण टाकीचा दाब सुटी घेत नाही. आणि दोष सांडपाण्याच्या बाजूला असेल, तर बाथरूम बंद असताना आकडा उतरेल व वापर सुरू होताच पुन्हा चढेल. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीखही लिहा; नजरेला डाग रोज वाढल्यासारखाच वाटतो.

दाबाच्या लाइनबद्दल खात्री करायची असेल, तर प्लंबरकडे हाताचा टेस्टिंग पंप असतो. लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून, नळांच्या जागी प्लग लावून दाब द्यावा आणि तासभर काटा उतरतो का ते पाहावे. उंचीच्या दर दहा मीटरांना साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो, म्हणजे वरच्यांच्या लाइनवर रोजचा दाब किलोभरसुद्धा नसेल; तेव्हा जुन्या जी.आय. पाइपवर तीन किलोच्या पुढे जाऊ नये, नाहीतर चांगला पाइप परीक्षेतच फुटतो. गिझरकडून येणारी गरम पाण्याची लाइन वेगळी तपासावी, कारण बहुधा तीच आधी जाते.

सांडपाण्याची परीक्षा दोन भागांत करावी आणि दोन्ही एकाच दिवशी करू नयेत. आधी फरशी न भिजवता, नळीने थेट नहाणी ट्रॅपच्या तोंडात खाण्याचा लाल रंग घातलेल्या दोन-तीन बादल्या पाणी सोडा. यात फक्त ट्रॅप आणि त्याच्या पाइपचे सांधे तपासले जातात. दोन दिवस वाट पाहा. मग ट्रॅपला बोळा घालून फरशीवर दोन इंच पाणी, या वेळी निळ्या रंगाचे, चोवीस तास साठवा; यात फरशीचे सांधे आणि भिंतीच्या कडा तपासल्या जातात. रांगोळीचा रंग वापरू नका, तो पाण्यात विरघळत नाही आणि ट्रॅपमध्येच गाळ होऊन बसतो. (हे मी स्वतः एकदा करून पाहिले आहे.)

भिंत आतली आहे आणि वरचा मजला शेवटचा नाही, त्यामुळे पावसाचा संशय इथे सोडून द्यावा. वॉटरप्रूफिंगवाल्यांची हमी तूर्त बाजूला ठेवा. टाइल्सच्या सांध्यांत भरलेले केमिकल फक्त वरून उतरणारे पाणी अडवते; ट्रॅपचा सांधा फरशीच्या खाली असतो, तिथे त्याचा काहीच उपयोग नाही. हमीपत्रावर ‘पाइप व ट्रॅप वगळून’ अशी बारीक अक्षरांतली ओळ आहे का, तेवढे पाहा.

कोरडी_हवा यांचे उत्तर

मी पाण्याने भिजलेली घरे आणि कार्यालये वाळवण्याच्या व्यवसायात आहे, त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडा पक्षपात गृहीत धरावा. तरीही सुरुवातीलाच सांगते की, आधीच्या उत्तरात सांगितलेली तपासणी पूर्ण होऊन दोष दूर होईपर्यंत आमच्यासारख्या कोणालाही पैसे देऊ नका. ठिबकत्या छताखाली यंत्र लावणे म्हणजे भोक पडलेली बादली भरण्यासारखे आहे.

हे काम खरे तर पहिल्या दोन दिवसांत सर्वांत उपयोगी पडते. ओल्या वस्तूंवर अनुकूल हवेत २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते, म्हणून साठलेले पाणी ओढून घेणे, गाद्या आणि गालिचे बाहेर काढणे आणि कपाटाची पाठ मोकळी करणे हे त्याच दिवशी व्हायला हवे होते. पाणी द्रवरूपात ओढून काढणे नेहमीच स्वस्त आणि जलद असते. तेच पाणी एकदा भिंतीत मुरले की त्याची वाफ करून हवेतून बाहेर काढावे लागते, आणि तिथे दिवसांचे आठवडे होतात.

पुण्यातल्या लोकांची एक समजूत मला रोज खोडावी लागते. घर भिजले की सगळे खिडक्या उघडतात. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की तेव्हा हा उपाय अगदी योग्य आहे. पंखा लावून खिडक्या उघडल्या तर भाड्याच्या यंत्राची गरजही अनेकदा पडत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेतच ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता असते, आणि उघड्या खिडकीतून तुम्ही ओलच आत घेता. आत्ताच्या दिवसांत खिडक्या आणि दार बंद करून, आत डिह्युमिडिफायर आणि भिंतीला घासून तिरकी हवा जाईल असा पंखा लावणे, हाच मार्ग आहे. डिह्युमिडिफायर हवेतले पाणी काढतो, पंखा भिंतीलगतची दमट हवा हलवतो. दोन्हींपैकी एकच लावले तर अर्धेच काम होते. एसी असेल तर ‘ड्राय’ मोडवर ठेवून टेबलफॅन लावला तरी बऱ्यापैकी फरक पडतो, आणि लहान खोलीसाठी मी आधी तोच सल्ला देते.

संस्थेला बोलावलेत तर त्यांनी कोणती यंत्रे आणली यापेक्षा ते मोजमाप कसे करतात, हे विचारा. पिनांचा ओलावामापक मुळात लाकडासाठी आखलेला असतो, त्यामुळे गिलाव्यावर त्याचा आकडा शब्दशः घ्यायचा नसतो. तुमच्याच घरातल्या एखाद्या कोरड्या भिंतीवरचा आकडा आधी घ्यावा आणि ओली भिंत त्याच्या जवळ येते का ते रोज लिहावे. तुमच्या भिंतीवर लोणा (क्षारांची पांढरी पूड) आला आहे, आणि क्षारांमुळे हे मापक ओल असते त्याहून जास्त दाखवते; म्हणून ती पूड आधी कोरड्या ब्रशने झाडून घ्यायला सांगा. पाण्याने धुतलीत तर क्षार पुन्हा आत जातील. थर्मल कॅमेऱ्याने भुलून जाऊ नका, तो पाणी पाहत नाही, फक्त तापमानातला फरक पाहतो. गरम पाण्याच्या लाइनसाठी मात्र तो फार कामाचा आहे. रोजची नोंद न देता ‘पाच दिवसांचे पॅकेज’ सांगणाऱ्याला नम्रपणे परत पाठवा. खोलीतली हवा आणि लाकूडकाम तीन ते पाच दिवसांत आटोक्यात येते. विटांची भिंत त्यानंतरही आठवडेच घेते.

कपाटाबद्दल: मागची पाठ आजच काढा. प्लाय चांगल्या प्रतीचा असेल तर वाळून वाचेल. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ एकदा फुगला की मूळ आकाराला येत नाही, त्यावर खर्च करू नका. बुरशी कोरडी खरवडू नका, तिचे कण खोलीभर उडतात. एन-९५ मास्क लावून, पृष्ठभाग थोडा ओलसर करून पुसून काढा. ब्लीचिंगचे द्रावण आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हे मी प्रत्येक घरी सांगते, कारण प्रत्येक घरी मोरीखाली या दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात.

एकतानगरीजवळ यांचे उत्तर

एक लहानशी भर. पाणी कोणत्या प्रतीचे होते, यावर वाळवायचे काय आणि टाकायचे काय हे ठरते. तुमच्याकडे आले ते नळाचे पाणी असले तरी बाथरूमच्या फरशीवरून आणि कोब्यातून आलेले आहे, म्हणून त्याला स्वच्छ समजू नये. गादी भिजली असेल तर साबणाने धुऊन आणि कडक वाळवूनच वापरावी. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यालगतच्या आमच्या भागात नदीचे पाणी घरात शिरले, ते मैलामिश्रित होते; तेव्हा आम्ही गाद्या, उशा आणि पार्टिकल बोर्डाचे सगळे फर्निचर टाकून दिले आणि ते योग्यच होते. तुमच्यावर तशी वेळ नाही. कागदपत्रे भिजली असतील तर ती उलगडत बसू नका. पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. त्यामुळे बुरशी थांबते, आणि नंतर सवडीने एकेक वाळवता येतात. आमच्या घराचे खरेदीखत असेच वाचले.

माजी_चिटणीस यांचे उत्तर

खर्चाविषयी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक पाइप, बाहेरच्या भिंती, गच्ची आणि पावसाची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. सदनिकेच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सदनिकाधारकाने, संस्थेला कळवून, करायचा असतो. म्हणजे दोष वरच्या ट्रॅपमध्ये किंवा त्यांच्या आतल्या लाइनमध्ये निघाला तर ती दुरुस्ती त्यांची. डक्टमधल्या (पाइपांसाठी सोडलेल्या सामाईक मोकळ्या जागेतल्या) उभ्या पाइपमध्ये निघाला तर संस्थेची. म्हणूनच वाडग्याच्या नोंदी आणि रंगीत पाण्याचे फोटो जपून ठेवा. संस्थेला लेखी अर्ज द्या आणि वरच्यांना त्याची प्रत द्या, पण ती द्यायला स्वतः जा आणि चहा घेऊन या. टपालाने पाठवलेल्या प्रतीने जे बिघडते ते वकिलालाही सुधारत नाही.

विम्याविषयी. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात पाण्याच्या टाक्या, उपकरणे व पाइप फुटून किंवा भरून वाहून झालेले नुकसान समाविष्ट आहे. तुमची स्वतःची अशी पॉलिसी असेल तर चूक वरच्यांची असली तरी दावा तुमच्या कंपनीकडे करता येतो. मात्र एका दिवशी अचानक वाहिलेले पाणी आणि महिनोन्‌महिने झिरपणारी ओल यांत कंपनी फरक करते. दुसऱ्या प्रकाराला झीज समजून दावा नाकारला जातो. तुम्ही साडेतीन आठवडे थांबला आहात, तेव्हा आजच कळवा, घटनेची तारीख स्पष्ट लिहा, आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत खराब झालेली वस्तू भंगारात देऊ नका. कपाटाची पाठ काढावीच, पण ती फोटो काढून गॅलरीत ठेवा.

आणि गच्चीवरच्या व्हॉल्व्हांवर ऑइलपेंटने फ्लॅटचे क्रमांक लिहून घ्या. आमच्याकडे हे काम एका रविवारी दोन तासांत झाले.

पौडफाटा

सर्वांचे मनापासून आभार. तपासणीला बारा दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

वरच्यांकडे दुसरे बाथरूम असल्यामुळे त्यांनी लगेच सहकार्य केले. वाडग्यातले पाणी पहिल्या दिवशी ९०० मिलिलिटर होते, मग ६५०, ४८० आणि चौथ्या दिवशी ४००. लाइन चालू असूनही आकडा उतरला, म्हणजे प्लंबरचा सडलेला पाइप तिथेच निर्दोष ठरू लागला. तरी त्यांच्याच आग्रहाने पंप लावला, गार आणि गरम दोन्ही लाइनवर काटा तासभर हलला नाही, आणि त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. मग ट्रॅपमध्ये लाल पाणी सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडग्यात ७०० मिलिलिटर पाणी होते आणि त्याला स्पष्ट गुलाबी छटा होती. निळ्या पाण्याची परीक्षाही केली; चोवीस तास पाणी साठवून आणि पुढे दोन दिवस वाट पाहूनही निळे काही उतरले नाही.

काल ट्रॅपभोवतीची फक्त दीड बाय दीड फूट फरशी उघडली. ट्रॅप आणि पाइप यांच्या सांध्यातले सिमेंट निघून गेले होते आणि आतला कोबा चिखलासारखा भिजलेला होता. हा दोष बहुधा जुनाच असावा आणि नळ उघडा राहिला म्हणून तो उघडकीस आला. कोब्यातले पाणी ओढून काढून, नवा ट्रॅप बसवून त्यावर पुन्हा लाल पाण्याची परीक्षा घेऊनच फरशी बंद करण्याचे ठरले आहे. खर्च वरचे करणार आहेत. विमा कंपनीचा सर्वेक्षक येऊन गेला. कपाट आणि छत यांचा दावा त्याने नोंदवून घेतला, जुन्या ओलीबद्दल बरेच प्रश्न विचारले.

कोरडी_हवा ताई, ठिबकणे पूर्ण थांबल्यावर आधी एसी आणि टेबलफॅन लावून आठवडाभर पाहतो, आणि नोंदी इथेच देतो. मापक भाड्याने आणले आहे. हॉलच्या कोरड्या भिंतीवर आकडा १२ येतो, ओल्या भिंतीवर लोणा झाडल्यानंतर ३४. रंगाऱ्याला दिवाळीनंतर या असे सांगितले, ते जरा रागावले. गणपती या वर्षी हॉलमध्ये बसेल.